एक दशांश हिरवळ

"अण्णा, टेप जरा ताणून धरा. ढिली सोडली की माप वाढतं, आणि वाढलेलं माप तुमच्याच अंगावर येईल."

माझ्याच लॉनवर, टेपचं टोक माझ्याच हातात देऊन, माझा साडू मला हे शिकवत होता. सकाळचे साडेआठ वाजले होते, मे महिन्याचं ऊन चावायला लागलं होतं, आणि माझ्या लेकीच्या, केतकीच्या लग्नाला बरोबर बारा दिवस राहिले होते. मी टेप ताणली. इतकी ताणली की पलीकडच्या टोकाला मास्तर दोन पावलं पुढं ओढला गेला. चष्मा सावरत तो हसला. त्याचं ते हसणंच मला कधी सोसलं नाही.

मास्तर म्हणजे विश्वंभर काळदाते. माझी बायको इंदू, तिच्या धाकट्या बहिणीचा, नलूचा नवरा. शाळेत शास्त्र शिकवायचा. सदऱ्याला कधी इस्त्री नाही, पायात धड चप्पल नाही, पण गावात त्याच्या शब्दाला वजन. मी रंगनाथ दहिभाते. आंबेगव्हाणच्या बायपासला 'दहिभाते लॉन्स' होतं, ते माझं. दोन एकर. मंगल कार्यालयं गावात आणखी चार होती, पण हिरवळ एकट्या माझ्याकडं. आमच्याकडं नळाला नऊ दिवसांनी पाणी यायचं. तसल्या गावात माणूस माझ्या फाटकातून आत आला की आधी चपला काढून गवतावर पाय ठेवून बघायचा आणि मग नवरानवरीकडं वळायचा. अहो, मीच बघायचो रोज सकाळी.

त्या वर्षी आमच्या नगरपरिषदेनं नियम काढले. घरापुढं शंभर चौरस फुटांच्या वर गवत नको. धंद्याची जागा असेल तर मोकळ्या जागेच्या एक दशांश गवत, त्याच्यावर एक फूटही नाही. गवताला नळाचं पाणी नाही, बोअरचं नाही, वापरलेलं सांडपाणी काय ते द्या. बाकी जागेत कडुनिंब, बहावा, कण्हेर, कोरफड असली कमी पाण्याची झाडं, बुंध्याशी पालापाचोळ्याचा थर. सगळं एका कागदावर, आणि कागदाच्या खाली नागरिक समितीचा अध्यक्ष म्हणून सही कुणाची? विश्वंभर काळदाते.

"मोकळी जागा सत्तर हजार फूट धरू," मास्तर वहीत लिहीत म्हणाला. "म्हणजे गवत सात हजार. बाकीचं काढावं लागेल, अण्णा. नाहीतर काढूही नका, पाणी बंद करा, आपोआप वाळेल."

"आणि केतकीचं लग्न? ते काय मुरमावर लावू?"

"मुरमाला काय झालं? तुमच्या कडेच्या निंबांखाली मांडव घातला तर सावली..."

"स्वतःची पोरगी असती म्हणजे कळलं असतं, मास्तर."

बोलून गेलो. मास्तरला आणि नलूला मूलबाळ नव्हतं, सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्यानं वही मिटली, टेप गुंडाळली आणि म्हणाला, "येतो. नलूनं लोणचं दिलंय, आत इंदूताईंकडं ठेवलंय." भांडायचं सोडून लोणचं! माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली.

आता हे जळणं गवतापायी सुरू झालं असं कुणाला वाटेल, तर तसं नव्हतं. ते फार जुनं. बायपासला तेव्हा काही नव्हतं, शाळा गावात, म्हणून केतकी पाचवीपासून बारावीपर्यंत मावशीच्या घरी राहिली. शनिवारी दुपारी घरी यायची. आली की सुरू, मास्तरकाका म्हणाले अमुक, मास्तरकाकांनी दाखवलं तमुक. एकदा मी मोजलं होतं. ताटावर बसल्यापासून हात धुवेपर्यंत अकरा वेळा मास्तरकाका. मी तिच्यासाठी शहरातून फ्रॉक आणायचो, तो तिला बाभळीच्या शेंगा दाखवायचा. फ्रॉक पेटीत पडायचा आणि शेंगा उशाखाली. पुढं ती इंजिनिअर झाली, नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा विभागात लागली. पेढे पहिल्यांदा कुणाच्या घरी गेले, ते मला विचारू नका.

त्या दिवशी दुपारी जेवताना इंदूनं माझ्या पानात भाकरी वाढली आणि हळूच म्हणाली, "अहो, नलूला मी शब्द दिलाय."

"कसला?"

"कन्यादानाचा."

घास हातातच राहिला. आमच्याकडं रीत आहे. ज्यांना लेकरू नाही अशा जोडप्याच्या हातून भावाबहिणीच्या लेकीचं कन्यादान करवतात. पाटावर ते बसतात, संकल्प ते सोडतात, लेकीच्या हातावर पाण्याची धार ते धरतात. आईबाप बाजूला उभे. रीत चांगली आहे, मी कित्येक लग्नांत बघितली होती. माझ्या लॉनवर दुसऱ्यांच्या लग्नात बघितली होती, तेव्हा डोळेसुद्धा पुसले होते.

"कधी दिलास शब्द?"

"दोन वर्षं झाली. ती आजारी होती तेव्हा."

"आणि मला आज सांगतेस? आधी माझं गवत नेलं, आता माझी पोरगी न्यायची! उद्या तुझ्या कुंकवावर पण सही करून नेईल तो मास्तर!"

"तोंडाला काही धरबंध?" इंदू म्हणाली आणि भाकरीचं टोपलं आपटून आत गेली.

केतकी समोर बसली होती. इतका वेळ खाली मान घालून जेवत होती. तिनं वर बघितलं. "अण्णा, मी म्हणजे गवत आहे का?"

"तू मधी बोलू नको. लग्न माझ्या हिरवळीवर होणार आणि कन्यादान मी करणार. तुझ्या मास्तरकाकांना सांग, अक्षता टाकायला या म्हणावं."

ती उठली. पान उचलून मोरीकडं गेली, आणि ते धुतलेल्या पाण्याचा थेंब न् थेंब दारातल्या कण्हेरीच्या बुंध्याशी ओतला. ही सवयसुद्धा तिकडचीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटरवरून मास्तरच्या गल्लीतून चाललो होतो. त्या गल्लीत माझं काही काम नव्हतं, उगीच गेलो होतो. मास्तरच्या घरामागच्या भिंतीपाशी आलो आणि वास आला. मोगऱ्याचा! मी स्कूटर थांबवली, फूटबोर्डवर उभा राहिलो आणि भिंतीवरून डोकावलो. पुढचं अंगण नुसता मुरूम आणि कोरफड, आणि मागं, न्हाणीघराच्या खिडकीखाली, मोगऱ्याची बारा झाडं. हिरवीकंच, पानापानाआड कळ्या. मेच्या मध्यावर, जेव्हा गावात माणसाला दुसऱ्यांदा तोंड धुवायला पाणी नव्हतं!

मला बरं वाटलं. खरं सांगतो, पोरीचं लग्न ठरलं तेव्हासुद्धा इतकं बरं वाटलं नव्हतं. सांडपाण्यावर मोगरा असा फुलतो होय? मास्तरनं नळाला चोरून जोड मारलाय आणि पाइप जमिनीखाली पुरलाय, माझी खात्रीच पटली. माझ्या दोन एकरांवर टेप लावतो काय!

लॉनच्या ऑफिसात दार लावून घेतलं आणि डाव्या हातानं तक्रार लिहिली, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून. वेडंवाकडं का होईना, सगळं लिहिलं. न्हाणीघराच्या खिडकीखाली बारा झाडं आहेत, जमिनीखाली चोरटी जोडणी असावी, खणून बघावं, अध्यक्षाला एक नियम आणि जनतेला एक हे बरं नाही. खाली नाव घातलं नाही. घडी केली आणि नगरपरिषदेच्या तक्रारपेटीत टाकून आलो. नियमातच लिहिलं होतं की तक्रारीची तपासणी तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला होईल. तेही मास्तरनंच लिहिलेलं असणार, म्हटलं बरं झालं.

तिसऱ्या दिवशी पावणेदहाला मी मास्तरच्या दारात हजर. हातात लग्नाची पत्रिका, इंदूनं दिलेलं हळदीकुंकू आणि अक्षता. साडूच्या घरी पत्रिका द्यायला नवरीच्या बापानं स्वतः गेलं पाहिजे, त्याला कोण काय म्हणणार?

नलूनं दार उघडलं. मला बघून तिचा चेहरा असा उजळला की मी नजर चुकवली. "अगं बाई, अण्णा! स्वतः आलात!" तिनं पाट मांडला, पाण्याचा पेला दिला. मी अर्धाच प्यालो. उरलेलं पाणी तिनं ओट्याखालच्या बादलीत ओतलं, पेला विसळला आणि विसळलेलं पाणीही त्याच बादलीत. तिनं पत्रिकेला कुंकू लावलं. माझ्या तोंडून कन्यादानाचं निघेल म्हणून ती वाट बघत होती, हे मला दिसत होतं. मी पत्रिकेच्या कागदाचं कौतुक करत बसलो.

तेवढ्यात नगरपरिषदेचा गफूर मुकादम आला, दोन माणसं आणि टिकाव घेऊन. "मास्तर, माफ करा. तुमच्याच नावाची तक्रार आहे."

"वाच की."

गफूरनं कागद उलगडला आणि मोठ्यानं वाचायला लागला. मी छताकडं बघत होतो. मोगरा, न्हाणीघर, चोरटी जोडणी, सगळं झालं. मग तो थांबला आणि हसायला लागला. "आणि मास्तर, शेवटी काय लिहिलंय बघा. 'कळावे, लोभ असावा ही विनंती.' तक्रार करणारा मोठा प्रेमळ दिसतो!"

 मी लिहिलं होतं? लिहिलं असणार. आयुष्यभर प्रत्येक पत्राच्या शेवटी लिहीत आलो. बाकी सगळं डाव्या हातानं लिहिलं, पण शेवट करताना डोक्यानं जुनीच वाट धरली. मास्तरनं गफूरच्या हातातून कागद घेतला, त्या ओळीवर बोट ठेवून एकदा वाचली आणि माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही. मग कागद परत दिला.

"खणा," तो म्हणाला.

"अहो, काय खणा!" नलू पुढं आली. "मुळं तुटतील! गफूरभाई, मी सांगते ना पाणी कुठून येतं ते. खाली मडकी आहेत."

"मडकी आहेत की पाइप, ते खणल्याशिवाय कागदावर येत नाही, नलू," मास्तर म्हणाला. "दुसऱ्याच्या अंगणात टेप लावतो मी. माझ्या अंगणात टिकाव लागला तर त्याला नाही म्हणून चालणार नाही."

पहिला टिकाव पडला आणि मातीतून खळकन आवाज आला. मडकं फुटलं. लाल मातीचं, बिनझिलईचं, म्हणजे आतलं पाणी झिरपत झिरपत मुळांना जाणारं, तोंडापर्यंत पुरलेलं, वर पत्र्याचं झाकण. त्यातलं पाणी मातीत सांडलं आणि नलूनं तोंडावर हात ठेवला. गफूर थबकला, पण कागदावर लिहिलं होतं, भिंतीच्या कडेनं पाइप असावा, म्हणून कडेनं चर मारणं त्याला भाग होतं. तो बिचारा जपून खणायला सांगत होता. तरी सात मडकी फुटली. पाइप नव्हता. पाइपाचा तुकडासुद्धा नव्हता. आठ झाडांची मुळं उघडी पडून उन्हात आली आणि माझ्यादेखत पानं माना टाकायला लागली.

"तांदूळ धुतलेलं पाणी," नलू कुणालाच उद्देशून नसल्यासारखी बोलत होती. "भाजी धुतलेलं. आंघोळीचं, पण साबण लावायच्या आधीचं. पाहुण्याच्या पेल्यात राहिलेलं. दोन वर्षं झाली, रोज मडक्यात घालते. इंदूताईनं शब्द दिला त्याच आठवड्यात लावलाय मी हा. केतकीच्या वेणीला, मुंडावळ्यांना विकतची फुलं नकोत म्हणून."

गफूरनं पंचनामा लिहिला, जोडणी आढळली नाही म्हणून. नलूची दोनदा माफी मागून तो गेला. मीही उठलो.

"चहा घेऊन जा, अण्णा," मास्तर म्हणाला.

मी चहा न घेता निघालो. स्कूटर चालू करायला मला चार किका माराव्या लागल्या.

घरी येऊन लॉनवर खुर्ची टाकून बसलो. मनात म्हणत होतो, चूक झाली, पण माझा धंदा त्यानं बुडवला त्याचं काय? माझी लेक तोडली त्याचं काय? सात मडक्यांपुढं दोन एकर कुठं? असा हिशेब दुपारभर चालला होता. पाच वाजता केतकी आली. लग्नाच्या रजेआधी कामाचा ताबा द्यायला ऑफिसात गेली होती. ती सरळ माझ्यापुढं उभी राहिली आणि पर्समधून कागद काढला.

"हे कुणी लिहिलंय?"

"मला काय माहीत?"

"मी होस्टेलला होते तेव्हा तुमची पत्रं यायची. गॅसवाल्याला सिलिंडर उशिरा आलं म्हणून तुम्ही पत्र लिहिलंत, ते पोस्टात मीच टाकलं होतं. त्याच्याही शेवटी 'लोभ असावा'च होतं. अण्णा, मला खोटं नका सांगू."

मी उसळलो. "लिहिलं! काय करशील? त्यानं नियम काढून माझं वाटोळं केलं, ते दिसत नाही तुला? एक दशांश! कुठून काढलं हे एक दशांश?"

"मी काढलं."

"काय?"

"नियम काकांनी नाही लिहिले. मी लिहिले. कलम न् कलम. एक दशांश मी ठरवलं. काका तर म्हणत होते एक पंचमांश ठेव, अण्णांना जड जाईल." तिचा आवाज फुटत होता, पण ती थांबली नाही. "तुमचा बोअर चालू झाला ना अण्णा, की भिंतीमागच्या वस्तीतला हातपंप नुसती हवा ओढतो. मला तिथं उभं राहून बायकांचं ऐकावं लागतं. तीन वर्षं ऐकतेय. त्या मला मॅडम म्हणत नाहीत. लॉनवाल्याची पोरगी म्हणतात."

भिंतीमागं वस्ती होती, मला माहीत होतं. सकाळी हंड्यांचे आवाज यायचे, म्हणून मी भिंत दोन फूट वाढवून घेतली होती.

"मग कागदावर त्याची सही का?" मी विचारलं. 

"मीच म्हणाले होते, माझं नाव घाला, मी अण्णांना सांगते. काका नको म्हणाले. म्हणाले, 'अण्णांना माझा राग आधीपासूनच आहे, त्यात अजून थोडा मावेल. तुझा राग त्यांना झेपायचा नाही, पोरी. ते मोडतील.'"

एवढं बोलून ती घरात गेली. मी खुर्चीतच बसून राहिलो. ज्यानं माझी पोरगी चोरली म्हणून मी बारा-पंधरा वर्षं धुमसत होतो, तो तिला माझ्यासाठी जपत बसला होता. बरं, याचं तरी समाधान वाटावं की नाही? मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, हेसुद्धा त्यालाच सुचलं. मला का नाही सुचलं?

मी उठलो, बोअरचा खटका खाली ओढला आणि स्कूटर काढली.

मास्तरच्या मागच्या अंगणात दोघंही मातीत बसले होते. मास्तर उघड्या मुळांवर ओलं पोतं घालत होता, नलू वाटीनं पाणी घालत होती. मी उभा राहिलो. कुणी बस म्हणालं नाही.

"तक्रार मी केली होती," मी म्हणालो.

"माहीत आहे," मास्तर म्हणाला.

नलूनं वर बघितलं. तिला माहीत नव्हतं. मास्तरनं तिलासुद्धा सांगितलं नव्हतं. तिच्या हातातली वाटी तशीच राहिली, आणि ती माझ्याकडं ज्या नजरेनं बघायला लागली, ती नजर मी विसरलो म्हणून सांगता येणार नाही.

"कन्यादान तुम्ही दोघं करा," मी घाईघाईनं म्हणालो.

"दंड भरायला आलात का, अण्णा?" नलू म्हणाली. "माझी झाडं मोडली, म्हणून त्याच्या बदल्यात पोरगी? तसलं नको मला. जा तुम्ही."

"नलू..." मास्तर म्हणाला.

"तुम्ही थांबा हो! सारखं मेलं समजून घ्यायचं! दोन वर्षं मी यांच्या तोंडाकडं बघतेय, आज तरी हो म्हणतील म्हणून. सकाळी पत्रिका घेऊन आले, मला वाटलं, आले विचारायला. आणि हे कशाला आले होते, तर झाडं खणताना बघायला!"

 निघून जावं असं पायांना वाटत होतं. पण तोंड उघडलं, आणि जे बाहेर आलं ते मी इंदूलाही कधी बोललो नव्हतो.

"मी जळतो, नलू. ती पाचवीत होती तेव्हापासून जळतोय. शनिवारी घरी आली की रविवारी संध्याकाळची वाट बघायची, परत इकडं यायला. मी ते बघायचो. दंड म्हणून नाही देत. द्यायचंच नाहीये मला! ती धार मलाच धरायची आहे. आत्तासुद्धा तुझ्या अंगणात उभा राहून जीव तीळ तीळ तुटतोय. तरी देतोय."

नलू परत झाडाकडं वळली. उरलेलं पाणी तिनं झाडाला घातलं, पदराला हात पुसले.

"जिवावर येतंय ना?"

"लई."

"मग घेते," ती म्हणाली.

लग्नाच्या दिवशी माझी हिरवळ पिवळी पडली होती, नऊ दिवसांत वाळून कुरकुरीत. त्यावर जाजमं टाकली. कडेच्या निंबांखाली मांडव घातला. भिंतीमागच्या वस्तीतल्या बायका हळदीला आल्या, इंदूनं घरोघर जाऊन बोलावल्या होत्या. मोगऱ्याची चारच झाडं वाचली होती, तेवढ्या फुलांची एक वेणी झाली. मुंडावळ्या मी शहरातून आणवल्या. पाहुण्यांतले दोघंतिघं कुजबुजले, दहिभात्याचं लॉन काय असं झालं म्हणून. मला ते लागलं नाही. माझं सगळं लक्ष पाटाकडं होतं.

मास्तरनं त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घातला होता. नलू हिरव्या शालूत त्याच्या शेजारी बसली. भटजींनी संकल्प सांगितला, मास्तर अडखळत अडखळत म्हणाला, मुलांना धडे देणारा माणूस चार ओळींत तीनदा चुकला. मग सगळ्यात वर मास्तरची ओंजळ, तिच्याखाली केतकीची, तिच्याखाली नवऱ्या मुलाची, आणि नलूनं झारीतून धार सोडली. इंदू माझ्या शेजारी उभी होती. तिनं माझं मनगट धरलं होतं. मला आधार द्यायला धरलं होतं, की मी पुढं जाईन म्हणून, मी कधी विचारलं नाही.

मन मोठं केलं की जळणं थांबतं असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल, तर त्यानं ते करून बघितलेलं नाही. माझं थांबलं नाही. धार पडत होती आणि प्रत्येक थेंबाला आत कुठंतरी चटका बसत होता. मास्तरच्या चष्म्यावर पाणी जमलं, त्याला पुसायला हात मोकळा नव्हता. शेवटी मीच पुढं झालो, त्याच्या डोळ्यांवरून चष्मा काढला, उपरण्यानं पुसला आणि परत लावून दिला. लोक म्हणाले, बघा, साडू साडू किती प्रेम! मी म्हटलं, असू दे.

याला आता एकोणीस वर्षं झाली. लॉनवर आता सात हजार फूट गवत आहे, बाकी बहावा आणि निंब. लग्नं अजून होतात. मास्तर आणि नलू दोघं आहेत, ठणठणीत आहेत. केतकी नागपूरला असते. दर रविवारी सकाळी तिचा फोन येतो, आणि दर रविवारी मी तिला विचारतो, "मास्तरकडं केलास का फोन?"

"नाही अण्णा, आधी तुम्हालाच केला. आता त्यांना करते."

ती खोटं बोलते. मी फोन लावून बघितलाय, मास्तरचा फोन नऊ ते साडेनऊ गुंतलेला असतो आणि मला ती साडेनऊला करते. पण इतकं चांगलं खोटं बोलते की मी दर वेळी बरं म्हणतो. हे तिला मास्तरनंच शिकवलं असणार.